दीर्घिकेचा पाठ एकदा तरी रात्री घ्या

शिक्षक मित्रांनो आणि पालकहो, सुरुवातीलाच एक साधा प्रश्न विचारतो. सहावीचा ‘विश्वाचे अंतरंग’ हा पाठ तुम्ही किती वाजता शिकवता?

बहुतेकांचं उत्तर माझ्यासारखंच असणार. दुपारी, जेवणाच्या सुट्टीनंतर. फळ्यावर खडूने एक भोवरा काढायचा, त्याखाली ‘चक्राकार दीर्घिका’ असं लिहायचं, व्याख्या सांगायची, मुलांनी ती वहीत उतरवून घ्यायची. चाचणीत दोन गुणांचा प्रश्न येतो, मुलं व्याख्या लिहितात, आपण बरोबरची खूण करतो आणि पाठ संपतो. त्याच मुलांच्या अंगणावरून त्याच रात्री खरी दीर्घिका या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरलेली असते. पण पुस्तकातली ती आणि अंगणावरची ही एकच आहे, हे त्यांना कोणी सांगितलेलं नसतं.

आपण चंद्रपूर-गडचिरोलीचे शिक्षक. आपल्याकडे काय नाही याची यादी आपल्याला तोंडपाठ आहे. प्रयोगशाळा नाही, नेटवर्क नाही, पावसाळ्यात रस्ता नाही. पण पुण्या-मुंबईच्या शाळांकडे नसलेली एक गोष्ट आपल्याकडे आहे, ती म्हणजे अंधार. खगोलशास्त्राचं अर्धं साहित्य तेच आहे, आणि ते आपण वापरतच नाही. या लेखात मला एवढंच सांगायचं आहे की दीर्घिकेचा पाठ वर्षातून एकदा तरी रात्री, उघड्या आकाशाखाली घ्या. तो कसा घ्यायचा आणि त्यातून मुलांना काय मिळेल, ते पुढे सांगतो.

आधी माझी चूक

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. एटापल्ली तालुक्यातल्या एका शाळेत होतो. घटक चाचणीत प्रश्न होता : ‘मंदाकिनी म्हणजे काय?’ एका मुलाने लिहिलं होतं, ‘रात्री वर दिसते ती ढोरांची वाट.’ मी त्यावर लाल फुली मारली. वर्गात ते उत्तर वाचूनही दाखवलं. मुलं हसली. तो खाली मान घालून बसला, आणि त्यानंतर विज्ञानाच्या तासाला त्याने आपणहून कधी हात वर केला नाही.

पुढे मला कळलं की चुकला तो नव्हता, मी चुकलो होतो. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे खगोलशास्त्रज्ञ मयंक वाहिया आणि अमरावतीचे गणेश हलकारे यांनी विदर्भातल्या गोंड गावांत फिरून, म्हाताऱ्या माणसांशी बोलून, गोंडांचं आकाश नोंदवलं. २०१३ मध्ये त्यावरचा त्यांचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. त्यात सप्तर्षींचे चार तारे म्हणजे म्हातारीची खाट आणि मागचे तीन तारे म्हणजे ती पळवायला आलेले चोर, असं सांगितलेलं आहे. आपल्याकडच्या बऱ्याच आजीबाई हीच गोष्ट सांगतात. आणि आकाशातला तो पांढुरका पट्टा म्हणजे गुराढोरांची वाट! गुरं चालून गेली की वाटेवर धूळ उडते, ती दुरून पांढरी दिसते. ज्याने ही उपमा दिली त्याने तो पट्टा नीट, पुष्कळ रात्री बघितलेला होता.

म्हणजे त्या मुलाने स्वतः पाहिलेली गोष्ट लिहिली होती आणि मी मात्र न पाहिलेली व्याख्या मागत होतो. त्याच्या उत्तरापुढे मला एकच वाक्य लिहायचं होतं : ‘बरोबर, तीच. आता ती वाट कशाची बनली आहे ते बघू.’ ते मी लिहिलं नाही, याची रुखरुख अजून आहे.

पुण्यात सापडलेली अलकनंदा

आता एक ताजी बातमी, जी आपण वर्गात सांगायलाच हवी. पुण्यातल्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रात पीएच.डी. करणाऱ्या राशी जैन आणि त्यांचे मार्गदर्शक योगेश वाडदेकर यांनी एक फार दूरची सर्पिलाकार दीर्घिका शोधली. हे संशोधन नोव्हेंबर २०२५ मध्ये ‘अ‍ॅस्ट्रॉनॉमी अँड अ‍ॅस्ट्रोफिजिक्स’ या युरोपीय नियतकालिकात प्रसिद्ध झालं. त्यांनी तिचं नाव ठेवलं ‘अलकनंदा’.

हे नाव का, ते मुलांना जरूर सांगा. आपल्या दीर्घिकेला आपण मंदाकिनी म्हणतो. हिमालयात मंदाकिनी आणि अलकनंदा या दोन नद्या आहेत, त्यांचा संगम रुद्रप्रयागला होतो. ही दूरची दीर्घिका दिसायला बरीचशी आपल्या मंदाकिनीसारखी, म्हणून तिच्या बहिणीचं नाव. ज्या मुलाने पाठात ‘मंदाकिनी’ हा शब्द वाचलाय, त्याला हे नाव लगेच कळतं.

ती कशी आहे? मधे तेजस्वी फुगवटा, आणि त्यातून निघून गोल वळत गेलेल्या दोन सुबक, एकमेकींना जोड असलेल्या भुजा. त्या भुजांवर नव्या ताऱ्यांचे पुंजके दोऱ्यात ओवलेल्या मण्यांसारखे दिसतात. रुंदी साधारण ३०,००० प्रकाशवर्षं, म्हणजे आपल्या मंदाकिनीच्या एक तृतीयांशाच्या आसपास. तिच्यातल्या ताऱ्यांचं वस्तुमान सुमारे १,००० कोटी सूर्यांइतकं. आणि तिथे दर वर्षी जवळजवळ ६० सूर्यांइतक्या वस्तुमानाचे नवे तारे तयार होत होते. मंदाकिनीत आज जेवढे होतात, त्याच्या हा वेग २० ते ३० पट आहे.

‘होत होते’ असं मी मुद्दाम लिहिलं. कारण अलकनंदाचा आपल्यापर्यंत पोचलेला प्रकाश १,२०० कोटी वर्षांपूर्वी निघालेला आहे.

पर्लकोटा आणि उशिरा आलेली चिठ्ठी

‘दूरचं बघणं म्हणजे जुनं बघणं’ हे वाक्य मुलांना पटकन पचत नाही. आपल्या भागात ते सोपं करून सांगता येतं. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. समजा मोबाइल यायच्या आधीचे दिवस आहेत. कोणीतरी चिठ्ठी लिहिली, ‘आमच्याकडे बाळ झालं.’ ती चिठ्ठी पुरात अडकली, मग कोणाच्या तरी पिशवीत राहिली आणि वर्षाने तुमच्या हातात पडली. चिठ्ठीतलं बाळ एक दिवसाचंच आहे. खरं बाळ आता घरभर चालत असेल. प्रकाश ही तशीच चिठ्ठी. तो सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर धावतो, पण अंतरच इतकं आहे की त्यालाही उशीर होतो. चंद्राची चिठ्ठी सव्वा सेकंदाची, सूर्याची आठ मिनिटांची आणि अलकनंदाची १,२०० कोटी वर्षांची.

आता १,२०० कोटी म्हणजे किती? या आकड्याने मुलांच्या डोळ्यांपुढे काहीच उभं राहत नाही, आपल्याही नाही. मी वर्गात हा प्रयोग करतो. भिंतीवरचं कॅलेंडर घ्या. समजा तो प्रकाश १ जानेवारीला निघाला आणि ३१ डिसेंबरच्या मध्यरात्री आपल्याकडे पोचला. म्हणजे अख्खा प्रवास एका वर्षात बसवला. मग मधल्या घटना कोणत्या तारखेला येतात?

आपला सूर्य आणि पृथ्वी सुमारे ४६० कोटी वर्षांपूर्वी जन्मले. ती तारीख येते ऑगस्टच्या मध्यावर, स्वातंत्र्यदिनाच्या आसपास. म्हणजे प्रकाश निघाला तेव्हा पृथ्वी तर नव्हतीच, सूर्यही नव्हता, आणि प्रकाशाचा अर्ध्याहून जास्त रस्ता झाला तरी नव्हता. सिरोंचा तालुक्यात वडधमला डायनोसॉरच्या काळातले जीवाश्म सापडले आहेत, ते आपल्यापैकी काहींनी सहलीत बघितलेत. १५ कोटी वर्षांपूर्वीची गोष्ट धरली तर ती येते २७ डिसेंबरला. आणि आपण, म्हणजे आजचा माणूस? साधारण ३ लाख वर्षं. आपण येतो ३१ डिसेंबरच्या रात्री, बाराला तेरा मिनिटं कमी असताना.

हे गणित मुलांनाच करायला लावा. त्रैराशिकच आहे, शिवाय कॅलेंडर फुकट मिळतं. सातवी-आठवीची मुलं हे आरामात करतात, आणि २७ डिसेंबरवर बोट ठेवून वडधम म्हणताना त्यांचे चेहरे बघण्यासारखे असतात.

यात नवल ते काय?

एखादा पालक विचारेल, ‘गुरुजी, दीर्घिका तर कोट्यवधी आहेत. आणखी एक सापडली तर काय मोठं?’

नवल हे आहे की ती ‘तयार’ होती. विश्वाचं वय सुमारे १,३८० कोटी वर्षं. अलकनंदा आपल्याला दिसते ती विश्व जेमतेम १५० कोटी वर्षांचं असतानाची. त्या वयातल्या दीर्घिका वेड्यावाकड्या, गुठळ्या-गुठळ्यांच्या, घुसळणाऱ्या वायूच्या असणार, अशी शास्त्रज्ञांची समजूत होती. सुबक भुजा यायला आधी वायू जमा व्हावा लागतो, त्याची तबकडी व्हावी लागते, ती निवांत होऊन एका लयीत फिरायला लागावी लागते. त्याला पुष्कळ काळ लागतो, असा हिशोब होता. आणि इथे तर घडी बसलेली, दोन भुजा काढून उभी असलेली दीर्घिका! पहिलीच्या वर्गात एखादं मूल थेट दहावीचं गणित सोडवताना दिसावं, तसं काहीसं. मूल खोटं नसतं, आपला अंदाज तपासावा लागतो.

भुजा कशा तयार होतात, याचंही एक सोपं उदाहरण आहे. रेल्वे फाटकापाशी गाड्यांची रांग लागते. पुढच्या गाड्या निघून जातात, मागून नव्या येतात. गाड्या बदलत राहतात, पण लांबून बघणाऱ्याला रांग तिथेच दिसते. दीर्घिकेच्या भुजांचं बऱ्याचदा असंच असतं. भुजा म्हणजे ताऱ्यांची आणि वायूची गर्दी. तारे त्यातून आत येतात, बाहेर पडतात. गर्दीत वायू दाबला जातो आणि त्यातून नवे, तेजस्वी तारे जन्मतात, म्हणून भुजा झळाळतात. अलकनंदाच्या भुजा इतक्या लवकर कशामुळे उठल्या? सावकाश ओढल्या गेलेल्या थंड वायूमुळे, की शेजारची एखादी छोटी दीर्घिका येऊन मिळाल्यामुळे? त्याचं उत्तर अजून मिळायचं आहे. तिची तबकडी नेमकी कशी फिरते हे मोजलं की ते कळेल. मुलांना हेही सांगा. विज्ञानाच्या पुस्तकात सगळं संपलेलं असतं असं त्यांना वाटतं. इथे त्यांच्यासाठी प्रश्न शिल्लक आहे.

शोध लागला कसा?

हा भाग मला आपल्या दृष्टीने सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. राशी जैन यांच्याकडे स्वतःची दुर्बीण नव्हती. चित्रं जेम्स वेब दुर्बिणीची होती. ती डिसेंबर २०२१ मध्ये अवकाशात गेली. तिचा आरसा साडेसहा मीटरचा आहे आणि ती पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर आहे. विश्व प्रसरण पावत असल्यामुळे अलकनंदाचा प्रकाश वाटेत पाचपट ताणला गेलाय, म्हणून तो आपल्यापर्यंत बराचसा अवरक्त होऊन येतो, आणि वेब नेमकं तेच बघते.

निसर्गानेही थोडी मदत केली. अलकनंदाच्या वाटेत, आपल्या बाजूला ‘अ‍ॅबेल २७४४’ नावाचा दीर्घिकांचा प्रचंड समूह आहे. त्याच्या गुरुत्वाकर्षणाने मागून येणारा प्रकाश भिंगातून यावा तसा वळतो, आणि अलकनंदा आपल्याला साधारण दुप्पट तेजस्वी दिसते. शिवाय या भागाची चित्रं २१ वेगवेगळ्या फिल्टरमधून घेतलेली होती. त्यामुळे तिचं अंतर, तिचे तारे, त्यांचा जन्मवेग यांचा चांगला अंदाज बांधता आला.

पण ही सगळी माहिती जगातल्या कोणत्याही अभ्यासकाला खुली होती! सुमारे ७०,००० ठिपक्यांच्या त्या गर्दीत चाळत चाळत जाऊन ‘अरे, हिला तर दोन भुजा आहेत’ हे पुण्यातल्या एका विद्यार्थिनीने ओळखलं. त्यामागे अभ्यास होताच, पण त्याबरोबर धीराने बघणं होतं आणि आकार ओळखणं होतं.

धीराने बघणं आणि आकार ओळखणं आपल्या मुलांना येत नाही का? ओल्या मातीतला पंजा बघून वाघ कालचा की आजचा हे सांगणारी मुलं आपल्या वर्गात आहेत. पानावरून झाड ओळखणारी, मोहाच्या फुलांचा हंगाम वासावरून सांगणारी मुलं आहेत. त्यांना ‘विज्ञान येत नाही’ हे आपण कोणत्या मापाने ठरवलं? त्यांना जे बघता येतं ते आपण प्रश्नपत्रिकेत विचारत नाही, एवढंच.

‘पण गुरुजी, रात्री?’

हरकती मला ठाऊक आहेत, आणि त्या खोट्या नाहीत.

पहिली, वाघ आणि साप. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल या पट्ट्यात तर हा जिवाचा प्रश्न आहे. म्हणून मुलांना रानात, टेकडीवर कुठेही न्यायचं नाही. शाळेची गच्ची किंवा कुंपणाच्या आतलं मैदान, तेही पालक सोबत असताना. आणि रात्र म्हणजे मध्यरात्र नव्हे. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये आपल्याकडे सातपर्यंत चांगला काळोख होतो. सात ते आठ, एक तास पुरतो.

दुसरी, मुलं घरी गेलेली असतात. खरंय. पण आश्रमशाळांमध्ये मुलं रात्री तिथेच असतात, सुरुवात तिथून करू. इतर शाळांत गावातल्या गावात, पालकसभेला जोडून.

तिसरी, अभ्यासक्रम संपत नाही. मित्रांनो, हा अभ्यासक्रमच आहे. सहावीचा ‘विश्वाचे अंतरंग’, सातवीचा ‘तारकांच्या दुनियेत’, आठवीचा ‘ताऱ्यांची जीवनयात्रा’. तिन्हींचा एक तास एकाच रात्री होतो.

आणि एक गंमत बघा. आपण मुलांना रात्री एकदा बाहेर बसवतो, कोजागिरीला, मसाला दूध प्यायला. नेमका त्या दिवशी पूर्ण चंद्र असतो आणि तारे फिके पडतात! तारे बघायचे तर अमावास्येच्या आसपासचा दिवस धरा. माझ्या मते सगळ्यांत सोयीची वेळ दिवाळीच्या सुट्टीनंतरची, कार्तिक अमावास्येच्या आठवड्यातली.

मी असं करतो. दिवाळीच्या सुट्टीत एकच गृहपाठ : आजी-आजोबांना विचारून या, आकाशातल्या पांढऱ्या पट्ट्याला आपल्या घरी काय म्हणतात, खाटेची गोष्ट काय आहे. गोंडी, माडिया, तेलुगू, झाडीबोली, ज्या बोलीत सांगतील त्या बोलीत लिहून आणायचं. मग त्या रात्री शाळेचे दिवे बंद करायचे आणि पंधरा मिनिटं नुसतं बसायचं. डोळे अंधाराला सरावायला तेवढा वेळ लागतोच. मोबाइल खिशात. मग आधी मुलांनी बोलायचं, आपण नंतर.

मग वायव्येकडच्या हंसापासून शर्मिष्ठेवरून पूर्वेकडे जाणारा मंदाकिनीचा पट्टा दाखवा. हा आपल्याच दीर्घिकेचा, आतून दिसणारा भाग. तबकडीत बसून तबकडीच्या कडेकडे बघितलं तर पट्टाच दिसणार, भोवरा नाही! पुस्तकातलं चित्र आणि आकाशातला पट्टा वेगळे का दिसतात, हे इथे एका वाक्यात कळतं. नंतर शर्मिष्ठेच्या जवळ, जवळजवळ डोक्यावर, देवयानी दीर्घिकेचा पुसट ठिपका शोधा. चांगल्या अंधारात तो नुसत्या डोळ्यांना दिसतो. त्याचा प्रकाश सुमारे २५ लाख वर्षांचा. अलकनंदा मात्र डोळ्यांना दिसणार नाही, हे खरं खरं सांगा. पण देवयानी एकदा दिसली की अलकनंदाचं चित्र नुसतं चित्र उरत नाही.

अंधारही जपायचा आहे

शेवटचा मुद्दा पालकांसाठी, विशेषतः ग्रामपंचायतीत बसणाऱ्यांसाठी. चंद्रपूर, बल्लारपूर, घुग्घुसच्या मुलांना आज किती तारे दिसतात ते त्यांनाच विचारा. आता गावोगावी हायमास्ट दिवे आलेत. दिवा हवाच. सापाच्या आणि वाघाच्या भीतीने जगणाऱ्या गावाला ‘दिवा नको’ असं सांगणारा मी कोण? पण दिवा जमिनीवर पडावा, आकाशात नाही. वर झाकण असलेला, खाली तोंड केलेला दिवा लावला तर रस्ताही दिसतो आणि तारेही. शेजारच्या नागपूर जिल्ह्यातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाने तेच केलं. तिथल्या गावांतले दिवे खाली तोंड केलेले बसवले, आणि जानेवारी २०२४ मध्ये पेंचला भारतातल्या पहिल्या ‘डार्क स्काय पार्क’चा मान मिळाला. पेंचला जे जमलं ते आपल्याला का जमू नये?

अलकनंदाचा प्रकाश १,२०० कोटी वर्षं चालून इथवर आला. मंदाकिनी तर रोज रात्री आपल्या कौलांवरून जाते. आपल्या मुलांना ती बघायला आपण वर्षातला एक तास द्यायचा आहे.

यंदा एक शाळा, एक रात्र, एवढंच ठरवा. मुलांनी आणलेले शब्द एका वहीत लिहून ठेवा. आणि चाचणीत एखाद्याने ‘ढोरांची वाट’ असं लिहिलं, तर कृपा करून लाल पेन खाली ठेवा. त्याला पूर्ण गुण द्या, आणि पुढचा प्रश्न विचारा.